बाबांचे दिवाळी अंक श्रीलिपीत अडकलेत: पीडीएफ करून मोकळं व्हावं की सगळं युनिकोडमध्ये आणावं?

सरोज_पाटण
नमस्कार मंडळी. १९९७ पासून बरीच वर्षं बाबांनी आमच्या तालुक्यातून दिवाळी अंक काढला. घरातच डीटीपी (संगणकावर पानं लावणं) व्हायचं, छपाई कऱ्हाडला. त्या सगळ्या सीड्या आता माझ्याकडे आहेत. पेजमेकर ६.५ च्या फायली लिबरऑफिस ड्रॉमध्ये उघडतात, पण ‘क’च्या जागी इंग्रजी एच आणि डॉलरचं चिन्ह, ‘म’च्या जागी नुसती खालची आडवी रेघ!

भाचा म्हणतो, मावशी, छापील अंक स्कॅन कर, पीडीएफ ग्रुपवर टाक, झालं काम. माझं मन मानत नाही. एका अंकात ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाच्या आठवणी आहेत. पहाटे सव्वाचारनंतर कोयनानगर परिसरात काय घडलं, ते ज्यांनी भोगलं त्यांच्या तोंडून बाबांनी लिहून घेतलंय. त्यातली बहुतेक माणसं आज नाहीत. भूकंपाची तीव्रता नि धरणाच्या भिंतीला गेलेले तडे यांवर कितीतरी लिहिलेलं सापडतं. पण त्या पहाटे गोठ्यातली जनावरं आधी कशी बिथरली, थंडीत लेकरं कशात गुंडाळली, हे सांगणारी बाई कुठे सापडणार? कुणी ‘कोयना भूकंप’ असं शोधलं तर त्याला हा लेख मिळायला हवा. ग्रुपवरची पीडीएफ चार दिवसांत वर सरकते, मग ती कुणालाच दिसत नाही. शिवाय दोन रकान्यांचं पान मोबाइलवर बोटांनी मोठं करत वाचायचं म्हणजे डोळ्यांना शिक्षाच.

तर सुरुवात कुठून करू? आणि लेखकांच्या परवानगीचं काय?

जुना_डीटीपीवाला (सांगली)
ताई, एच-डॉलर दिसलं की ओळखायचं, श्रीलिपी. तुमचा मजकूर शाबूत आहे, काळजी नको. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असायचे. फॉन्ट काढला की उरतं ते हे. म्हणूनच या फायलींची थेट पीडीएफ केलीत तर डोळ्यांना मराठी दिसेल, पण कॉपी करून दुसरीकडे चिकटवलंत की पुन्हा एच-डॉलर. गूगललाही तेच दिसतं. युनिकोडला, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीला, पर्याय नाही.

रूपांतर करणारी साधनं बरीच आहेत, पण आंधळा विश्वास ठेवू नका. आधी एकच लेख घाला आणि तीन गोष्टी बघा. पहिली वेलांटी: जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. साधन कच्चं असेल तर ‘किल्ला’चा ‘िकल्ला’ होतो. मग रफार: ‘सूर्य’, ‘वर्ष’ नीट आलेत का. आणि सगळ्यात जास्त घोळ अर्ध्या ऱ्यात. ‘कऱ्हाड’चं ‘कर्हाड’, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ करून ठेवतात. अंक तुमच्या भागातला, म्हणजे कऱ्हाड पानोपानी असणार! ‘ॲड.’सारखे शब्दही तपासा. हा ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधीच्या पद्धतीने ‘अ’वर चंद्र देऊन लिहिला तर दिसतो तसाच, पण शोधताना वेगळा धरला जाऊ शकतो. सगळीकडे एकच ठेवा.

अजून एक. सीडीतली फाईल म्हणजे छापलेला अंक, असं धरू नका. आम्ही ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढायचो आणि शेवटच्या दुरुस्त्या ब्लेडने कापून चिकटवायचो. फाईल उघडायला वेळ कुणाला होता? त्यामुळे मुद्रितशोधन करताना छापील अंक शेजारी हवाच.

मधुरा_नाशिक
सरोजताई, माझी तुम्हाला मनापासून विनंती आहे, फक्त स्कॅन टाकून थांबू नका. मला दिसत नाही, मी स्क्रीनरीडरवर वाचते. स्कॅन केलेल्या पानावर माझा फोन गप्प बसतो. जुन्या फॉन्टचा मजकूर असला तर एच, डॉलर असं काहीतरी बरळत राहतो. माझ्या वडिलांच्या पिढीचे दिवाळी अंक घरात रचून ठेवलेत आणि मला त्यातलं एक पान वाचता येत नाही. युनिकोड मजकूर असला की तोच फोन मला मराठीत अख्खी कथा वाचून दाखवतो.

ईपब (फोनवर वाचायचं ई-पुस्तक) कराल तेव्हा मथळ्यांना खरोखरची मथळ्याची शैली द्या, नुसतं ठळक करू नका. मला एका लेखावरून दुसऱ्यावर उडी मारता येते ती त्यामुळेच. आणि चित्राखाली एका ओळीत ते कशाचं आहे ते लिहा. व्यंगचित्रांचं तर नक्की लिहा, सगळे हसतात तेव्हा मलाही कळायला हवं.

ग्रंथपाल_नांदेड
परवानगीचं थोडक्यात सांगतो. अंक बाबांचा असला तरी लेखाचा हक्क लेखी करार नसेल तर साधारणपणे लेखकाकडेच राहतो, आणि आपल्या कायद्यात तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे हयात लेखकांना आणि बाकीच्यांच्या वारसांना विचारावंच लागेल. साधं पत्र पुरतं: कोणता लेख, कोणत्या स्वरूपात, विनामूल्य की विकत. उत्तर आलं नाही तर तो लेख बाजूला ठेवा, अंक अडवून धरू नका.

भाच्याचं म्हणणंही अगदीच टाकाऊ नाही. परवानगी मिळालेल्या पानांचं स्कॅन इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावर ठेवा. तुमच्या भागातल्या कापडदुकानांच्या, पतसंस्थांच्या जाहिराती, पाच आकडी फोन नंबर, ती मांडणी, हे सगळं ईपबमध्ये येत नाही. पन्नास वर्षांनी पाटणचा बाजार अभ्यासणाऱ्याला लेखांइतक्याच जाहिराती लागतील.

सरोज_पाटण
सगळ्यांचे खूप आभार. मधुराताई, तुमचं वाचून ठरलंच. मजकूर युनिकोडमध्येच आणणार, आणि पहिला भूकंपाचाच अंक. एका लेखाचं रूपांतर करून पाहिलं, वेलांट्या नीट आल्या, कऱ्हाड मात्र सगळीकडे मोडलंय. ते शोधून बदलते. आठवणी सांगणाऱ्यांपैकी दोघांची मुलं पाटणातच राहतात, त्यांच्याकडे रविवारी पत्र घेऊन जाते.

एक विचारायचं राहिलं. याच अंकात जात्यावरच्या ओव्या आहेत. ईपबमध्ये अक्षर मोठं केलं की त्यांच्या ओळी कुठेही तुटतात. काय करावं?

जुना_डीटीपीवाला (सांगली)
प्रत्येक ओळ वेगळा परिच्छेद करा, परिच्छेदांमधली जागा शून्य ठेवा, आणि ओळ मोडलीच तर उरलेला भाग थोडा आत सरकेल असा समास द्या. म्हणजे ओवीची नवी ओळ कुठली आणि मोडलेली कुठली, ते वाचणाऱ्याला कळतं. स्पेस मारून ओळी जुळवू नका, दुसऱ्या फोनवर सगळं विस्कटतं. एक ओवी करून इथे टाका, बघून सांगतो.