मदत हवी आहे: ए, ई, आय, ओ, यू पाचही असलेले लांब इंग्रजी शब्द

वैतागलेली_आई:
लेकीला शाळेतून काम दिलंय. ए, ई, आय, ओ, यू पाचही येतात असे लांब इंग्रजी शब्द शोधायचे आणि मराठी अर्थ लिहायचा. उद्या सकाळी वही द्यायची आहे आणि बाईसाहेबांनी हे आत्ता जेवताना सांगितलं. एज्युकेशनच्या पुढे आमची गाडी सरकत नाहीये. गूगलवर नुसत्या याद्या आहेत, एकेकाचा अर्थ शोधत बसायला वेळ नाही. प्लीज पटापट सांगा.

निवांतराव:
कितवीत आहे? किती शब्द हवेत? लांब म्हणजे किती अक्षरी? एखादा स्वर दोनदा आला तर चालतो का? एवढं सांगा, मग बघू.

गवती_चहा:
अगं, स्वयंपाकघरातूनच सुरुवात कर ना. कॉलिफ्लॉवर! घे लिहून: न्यूमोनिया (फुप्फुसदाह), इक्वेशन (समीकरण), प्रिकॉशन (खबरदारी), अल्ट्राव्हायोलेट (अतिनील), कम्युनिकेट (कळवणे).

वैतागलेली_आई:
थँक्यू गं! लिहायला घेतलं. @निवांतराव, सहावी. बाकी प्रश्न नकोत हो, शब्द द्या.

खडूस_मास्तर:
बिहेवियर (वर्तन) आणि फेव्हरिट (आवडता) हेही चालतील.

सातासमुद्रापार:
मास्तर, हे दोन्ही बाद. आमच्या न्यू जर्सीत या शब्दांत यू नसतोच.

खडूस_मास्तर:
मुलगी न्यू जर्सीत शिकते असं कुठे लिहिलंय? आपल्याकडच्या शाळांत ब्रिटिश स्पेलिंग शिकवतात. आमचा यू आहे तिथेच राहील.

सातासमुद्रापार:
इथे स्पेलिंगला काय महत्त्व आहे ते तुम्हाला तिकडे बसून नाही कळायचं. 1985 मध्ये बालू नटराजन राष्ट्रीय स्पेलिंग बी जिंकले, तेव्हापासून भारतीय मुलांनी ती स्पर्धा गाजवली आहे. 2019 मध्ये तर शब्द संपत आले म्हणून एकदम आठ जणांना विजेते करावं लागलं. आमच्या धाकट्याची तयारी पण

गवती_चहा:
झालं यांचं सुरू.

टर्मिनल_बाबू:
हाताने काय शोधताय? लिनक्सवर शब्दांची तयार फाइल मिळते. ग्रेप म्हणून शोधायची कमांड आहे ती मारा, दोन सेकंदांत सगळे शब्द समोर. विंडोज असेल तर आधी उबंटू टाकून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

वैतागलेली_आई:
दादा, माझ्या हातात मोबाईल आहे आणि ओट्यावर भांडी आहेत.
आणि सगळे थांबा जरा. कन्या आता वही उघडून दाखवतेय. बाईंनी लिहून दिलंय की प्रत्येक स्वर एकदाच आणि ए, ई, आय, ओ, यू याच क्रमाने. तीन शब्द. आणि "जमल्यास उलट्या क्रमाचा एक".

निवांतराव:
म्हणून विचारत होतो.

गवती_चहा:
म्हणजे माझा फ्लॉवर वाया? एज्युकेशन पण गेलं की मग.

खडूस_मास्तर:
आता कसा नेमका प्रश्न आला. लिहा.
पहिला फसीशस: एफ-ए-सी-ई-टी-आय-ओ-यू-एस. नऊ अक्षरं. अर्थ थिल्लर.
दुसरा ॲबस्टीमियस: ए-बी-एस-टी-ई-एम-आय-ओ-यू-एस. दहा अक्षरं. खाण्यापिण्यात संयमी, मिताहारी. मूळ लॅटिनमध्ये 'दारूपासून लांब राहणारा', पुढे जेवणालाही लागू झाला. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' याच्या बरोब्बर विरुद्ध.
तिसरा आर्सीनियस: ए-आर-एस-ई-एन-आय-ओ-यू-एस. आर्सेनिकयुक्त. आपला सोमल म्हणजे आर्सीनियस ऑक्साइड. यातला आय गाळूनही काही जण लिहितात, तसं लिहिलंत तर शब्द बाद, हे मुलीला बजावून सांगा.
पहिल्या दोघांना शेवटी एल-वाय जोडलं की वायसुद्धा ओळीत येऊन बसतो. बाई खूश होतील.

निवांतराव:
थिल्लर नाही पटलं. थिल्लर माणूस बाराही महिने थिल्लर असतो. फसीशस म्हणजे गंभीर बोलणं चाललेलं असताना नको तो विनोद करणारा. दहाव्याच्या घाटावर कावळा शिवेना म्हटल्यावर "त्याचं डाएट चालू असेल" म्हणणारा काका प्रत्येक घरात असतो, तो.

खडूस_मास्तर:
तो काका थिल्लरच. पण ठीक आहे, सहावीच्या वहीत 'नको तिथे थट्टा करणारा' लिहा.

गोळीवाले_आजोबा:
सोमलाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आर्सेनिकम अल्बम 30 हे होमिओपॅथीचं औषध यापासूनच बनतं. 2020 मध्ये आयुष मंत्रालयाने सुचवलं होतं. आमच्या सोसायटीत मी घरोघरी वाटलं. मुलीलाही द्या, परीक्षेच्या दिवसांत चांगलं.

टर्मिनल_बाबू:
आजोबा, 30 म्हणजे शंभरपट पातळ करायचं आणि तेच तीस वेळा. शेवटी गोळीत सोमल उरतच नाही, साखर उरते. बाटलीवरच्या नावातच काय तो आर्सेनिक.

गोळीवाले_आजोबा:
तुमच्या वयाचा असताना मीही असंच बोलायचो.

निवांतराव:
होमिओपॅथीसाठी वेगळा धागा काढा, इथे नको. ताई, उलट्या क्रमाचा शब्द: सबकॉन्टिनेन्टल. एस-यू-बी-सी-ओ-एन-टी-आय-एन-ई-एन-टी-ए-एल. यू, ओ, आय, ई, ए, प्रत्येक एकदाच. अर्थ उपखंडीय. भूगोलात भारतीय उपखंड शिकलीच असेल, समजवायला नको.

वैतागलेली_आई:
देव तुमचं भलं करो. चारही उतरवून झाले. 'मिताहारी' म्हणजे काय असं विचारून झालंय, आता झोपवते.

टर्मिनल_बाबू:
ग्रेप मारला. वनस्पती आणि किड्यांची वर्णनं करणारे आणखी बरेच निघाले. देऊ का?

वैतागलेली_आई:
नको.

सर्वज्ञ_सांगलीकर:
वरचं सगळं वाचलं नाही, पण सर्वात लांब शब्द मी सांगतो. न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस, 45 अक्षरी! ज्वालामुखीची बारीक धूळ छातीत जाऊन होणारा फुप्फुसाचा आजार. 1935 च्या सुमारास अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेच्या अध्यक्षाने मुद्दाम लांबलचक बनवला. पाचही स्वर आहेत, खुशाल लिहा.

खडूस_मास्तर:
त्यात ओ नऊ वेळा येतो.

सर्वज्ञ_सांगलीकर:
मग चांगलंच आहे की!