रोटरी, लायन्स, इनर व्हील: मीटिंगा, पाहुणे आणि पोलिओचे रविवार (अनुभव धागा)

माजिवड्याची_माई

रविवारी आमच्या बिल्डिंगखाली पल्स पोलिओचा बूथ होता. नातवाला घेऊन गेले. डोस झाल्यावर त्याच्या डाव्या करंगळीला मार्करची खूण केली, आणि पठ्ठ्या संध्याकाळपर्यंत ती करंगळी वर धरूनच हिंडत होता. मला एकदम बाबा आठवले.

बाबांचा वागळे इस्टेटला बेअरिंगचा धंदा. आठवड्यातली एक संध्याकाळ मात्र रोटरीची. इस्त्रीचा शर्ट, खिशाशी ती चाकाची पिन. धंद्याच्या कामाला बाहेरगावी असले तरी तिथला क्लब शोधून हजेरी लावायचे आणि मेकअपचं कार्ड (म्हणजे चुकलेली मीटिंग दुसऱ्या क्लबात भरून काढल्याचा पुरावा) आणून सेक्रेटरींना द्यायचे. आई म्हणायची, एवढी निष्ठा माझ्या माहेरच्या लग्नांना दाखवली असती तर.

पोलिओच्या रविवारी मला बरोबर न्यायचे. व्हॅक्सिन कॅरियर म्हणजे लस थंड ठेवायची पेटी, आत चार बाजूंना चार आइसपॅक, पट्टा माझ्या खांद्यावर. विटाव्याला खाडीकडच्या वस्तीत एक आजीबाई दारात आडव्या बसल्या होत्या, सुनेला बाळ बाहेर आणू देईनात. "फुकट देताय म्हंजी कायतरी आसंलच." बाबांनी अवाक्षर काढलं नाही. पायरीवर बसले, पाणी मागितलं, गाव कुठलं विचारलं, यंदा पाऊस कसा झाला विचारलं. मी कंटाळून रडकुंडीला आले तेव्हा कुठे आजीबाई स्वतःच बाळाला घेऊन आल्या. दोन थेंब, करंगळीला शाई, झालं. बाबा परत जाताना म्हणाले, तिनं विचारलं ते बरोबरच होतं.

तुमच्या घरात होतं का कोणी क्लबात? रोटरी, लायन्स, इनर व्हील, रोटरॅक्ट (रोटरीचे तरुणांचे क्लब), काहीही. लिहा.

ऐरोलीची_मीनल

ॲनेट हजर! रोटेरियनची बायको ॲन आणि पोरं ॲनेट, असं होतं आमच्या वेळी. नौपाड्यात एका हॉलवर मीटिंग असायची, आम्हाला फक्त फॅमिली मीटिंगला न्यायचे. अध्यक्षांच्या गळ्यात जाडजूड कॉलर, पुढ्यात पितळी घंटा. टण्ण वाजली की सगळे काका उभे. पिन विसरलेल्यांकडून सार्जंट ॲट आर्म्स, म्हणजे सभेची शिस्त बघणारे काका, दंड गोळा करणार. मग हॅपी बॉक्स, म्हणजे आनंदाची बातमी सांगायची आणि डब्यात पैसे टाकायचे. पोरगा बारावी पास, टाका पैसे. नवी स्कूटर, टाका पैसे. एका काकांनी "सासूबाई गावाला परत गेल्या" म्हणून १०० ची नोट टाकली होती. पुढच्या फॅमिली मीटिंगला सासूबाई स्वतः हजर, आणि कोणीतरी भर सभेत ते सांगितलं. पुढचं विचारू नका.

कोपरीचा_बंड्या

जेवायला काय असायचं ते आधी लिहा

ऐरोलीची_मीनल

@बंड्या पनीर, जिरा राइस, गुलाबजाम. अध्यक्ष दर १ जुलैला बदलायचे, मेन्यू नाही.

स्वातीताई

माई किती छान लिहिलंय! नंतर येते, कुकर लावलाय.

घोडबंदर_ट्रॅफिक_पीडित

आमच्या जुन्या घराच्या दाराशेजारी खडूने X, P असं काहीतरी लिहिलेलं असायचं. आई म्हणायची चोर खुणा करून जातात. ते पोलिओवाल्यांचंच का?

सिस्टर_नेरुळ

हो, आमचंच. घरातल्या सगळ्या बाळांना डोस झाला की P. कोणी राहिलं, घर बंद असलं किंवा नकार मिळाला तर X, तिथे परत जायचं. X चा P करायला कधीकधी फार फिरावं लागतं. तुर्भ्याला खाणीच्या बाजूच्या वस्त्यांत बायका सकाळी कामावर गेलेल्या असायच्या, मग संध्याकाळी उशिरा जायचो.

कुपीवर एक जांभळट गोल असतो आणि आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिकट आहे तोवर लस चांगली. उन्हाने रंग सारखा झाला की कुपी बाद, मग कोणी कितीही सांगो. रोटरीच्या काकांना पहिल्यांदा दाखवलं की लहान मुलासारखे निरखून बघायचे. बूथवर त्यांची खरी मदत म्हणजे मंडप, टेबल, चहा, पोरांना शिट्ट्या नि फुगे, आणि नकाराच्या घरी वजन असलेला माणूस नेणं. ठाणे स्टेशनवर फलाटावरही टीम उभी असते, बाहेरगावच्या गाड्यांतून उतरणाऱ्या बाळांसाठी. गर्दीत करंगळी शोधायची म्हणजे काय असतं ते करूनच बघा.

माजिवड्याची_माई

सिस्टर, तुमचे पाय कुठे आहेत. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं तेव्हा बाबांनी सकाळपासून फोन करून सगळ्यांना पिडलं होतं. शेवटची केस हावड्याची, जानेवारी २०११, हे त्यांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं पाठ.

वैतागलेला_ठाणेकर

सगळं छान आहे, पण जरा दुसरी बाजू. एका क्लबाने (नाव नाही घेत) आमच्या नाक्यावर बाक बसवला. टेकायच्या जागेवर सगळ्या पदाधिकाऱ्यांची नावं, वर बोधचिन्ह. उद्घाटनाला माणसं जास्त, बसायला जागा दोघांची. वह्यावाटपाच्या फोटोत एक वही आणि ती धरायला सहा हात. हे समाजकार्य?

कोपरीचा_बंड्या

सहा हात 😂😂

शहापूरकर_सध्या_कळव्यात

@वैतागलेला बाकाचं मान्य, मी पण हसलोय अशा बाकांना. पण मी एका क्लबाचा खजिनदार होतो, म्हणून फोटोंचं सांगतो. रोटरी फाउंडेशनच्या (रोटरीचा देणग्यांचा निधी) ग्लोबल ग्रँटला, म्हणजे मोठ्या प्रकल्पांच्या अनुदानाला, प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा लागतो, आणि दोन देशांतले क्लब भागीदार हवेत. आधी गावाची गरज लिहून द्यायची, काम झाल्यावर बिलं, हिशोब, फोटो. फोटो नाही तर रिपोर्ट अपुरा. पैसा पण गंमतशीर फिरतो. आज दिलेली वार्षिक देणगी तीन वर्षं गुंतवून ठेवतात आणि मग त्यातला भाग डिस्ट्रिक्टकडे (एका भागातल्या रोटरी क्लबांचा गट) प्रकल्पांसाठी परत येतो. म्हणजे मी ज्या बंधाऱ्याचे कागद रंगवत होतो त्याचे पैसे आधीच्या कुठल्यातरी अध्यक्षाने लोकांच्या मागे लागून जमवलेले. त्याला कोण ओळखतंय.

बंधारा आमच्याच तालुक्यात. भातसा, तानसा आमच्याकडे, पाणी पितात ठाण्या-मुंबईचे लोक, आणि आमच्या पाड्यांवर मार्च उजाडला की टँकरची वाट. डॉलर देणाऱ्या परदेशी क्लबाच्या माणसाने व्हिडिओ कॉलवर विचारलं, शेजारी एवढं मोठं धरण असताना या गावाला पाणी का नाही? मी आणि सरपंच एकमेकांकडे बघत बसलो. शेवटी सरपंच म्हणाले, साहेबांना सांगा, आवाज तुटतोय.

घोडबंदर_ट्रॅफिक_पीडित

आवाज तुटतोय 👌 आमच्या सोसायटीचं पण तेच चाललंय, टँकरला महिन्याला किती जातात सांगू नका. वेगळा धागा काढा यावर.

स्वातीताई

आले. आमच्याकडे सासरे रोटेरियन, आणि भिंतीवर फोर-वे टेस्ट फ्रेम करून. हे सत्य आहे का, सर्वांना न्याय्य आहे का, सद्भावना आणि मैत्री वाढेल का, सर्वांच्या हिताचं आहे का. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी केलेल्या आमटीवर सासऱ्यांनी मत दिलं नाही, फ्रेमकडे बघितलं आणि म्हणाले, "पहिल्या प्रश्नावरच अडकलोय."

शहापूरकर_सध्या_कळव्यात

ताई, योग्य जागीच वापरली त्यांनी. हर्बर्ट टेलरने १९३२ मध्ये ती लिहिली तेव्हा तो दिवाळ्याच्या काठावरची ॲल्युमिनियमच्या भांड्यांची कंपनी सावरत होता. रोटरीने नंतर उचलली.

स्वातीताई

अय्या! हे आजच ऐकवते त्यांना. म्हणजे मुळात भांड्यांचंच प्रकरण.

चारकोनी_कुटुंब_पंचपाखाडी

कोणी इनर व्हीलबद्दल लिहीत नाहीये म्हणून लिहिते. आई वीसेक वर्षं होती. रोटरीत बायकांना सदस्य म्हणून घ्यायची जागतिक परवानगी १९८९ ला आली, त्याआधी बायकांनी काय करायचं, तर इनर व्हील, जे मँचेस्टरला १९२४ ला सुरू झालं. आईकडे क्लबाचा हिशोब असायचा. दिवाळी आधी फराळाची विक्री, त्यातून आश्रमशाळेच्या मुलींना सॅनिटरी पॅड आणि स्वेटर. चकल्यांच्या प्रत्येक पाकिटाचा हिशोब आईच्या वहीत. बाबांच्या मीटिंगला "पाहुण्या वक्त्यांचं भाषण झाले व आभारप्रदर्शनानंतर सभा संपली" असं इतिवृत्त, आणि ते पण लिहून आईच द्यायची. नंतर तिला रोटरीत यायला सांगितलं तेव्हा म्हणाली, तिथे कोण जातं दंड भरायला.

ऐरोलीची_मीनल

काकू भारी होत्या

नौपाडा_टू_न्यूजर्सी

आमच्याकडे रोटरीच्या ग्रुप स्टडी एक्सचेंजची पाहुणी राहिली होती, डेन्मार्कची शिक्षिका. (ते एक्सचेंज आता बंद झालं. रोटेरियन नसलेल्या तरुण नोकरदारांना काही आठवडे दुसऱ्या देशात पाठवायचे, राहायचं घरोघरी.) पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर तिने स्वतःचं ताट उचललं, घासलं, पुसलं, जागेवर ठेवलं. आजी थिजली. आत येऊन आईला म्हणाली, पाहुणीनं ताट घासलं, अब्रू गेली घराची. दुसऱ्या दिवशी आजी ताट ओढून घ्यायला टपून, पाहुणी सोडेना, दोघी मोरीत ताटाची दोन टोकं धरून उभ्या, एक मराठीत एक इंग्रजीत. शेवटी तह झाला: पाहुणीने घासायचं, आजीने विसळायचं. जाताना तिने बाबांना तिच्या क्लबाचा झेंडा दिला आणि आजीला मिठी मारली. आजीने झेंडा देवघराशेजारी लावला.

कोपरीचा_बंड्या

आणि पनीर?

नौपाडा_टू_न्यूजर्सी

@बंड्या तिला थालीपीठ आवडायचं. पनीर तिला पण मीटिंगला मिळालंच असेल.

गोखले_रोड_७०

भूजचा भूकंप, २६ जानेवारी २००१. आमच्या क्लबाने ठाण्यातून ट्रक भरून नेला. तिथे रस्त्याकडेला देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग पडलेले, कोणी उचलत नव्हतं. लोक ताडपत्री मागत होते, रात्री थंडी मरणाची. आम्ही नेलेल्या भांड्यांना मागणी, शर्टांना नाही. नंतर कळलं की इंग्लंडात कॉर्नवॉलच्या एका रोटरी क्लबातून निघालेल्या शेल्टरबॉक्सची पहिली १४३ खोकी याच भूकंपासाठी आली होती. एका खोक्यात एका कुटुंबाचा तंबू आणि गरजेचं सामान. त्यांनी आधी विचार करून पाठवलं. आपल्याकडे अजूनही पूर आला की पहिल्यांदा कपाटं रिकामी होतात.

सिस्टर_नेरुळ

अगदी. २६ जुलैच्या पुरानंतर आमच्याकडे एक पोतं भरून टाय आले होते.

भाऊ_वाशी

मी क्लबात नाही, कॅम्पला गाडी चालवायला गेलो होतो म्हणून बघितलं. वाशीला एलएन-४ हाताचा कॅम्प. कोपराच्या खाली हात गेलेल्यांना कृत्रिम हात, फुकट. बॅटरी नाही, वायर नाही, बोटं दुसऱ्या हाताने ढकलून मिटवायची, परत ढकलून सोडवायची. रबाळ्याचा एक माणूस होता, पॉवर प्रेसवर हात गेलेला. बसवून झाल्यावर तिथे सगळे त्याला पेन धरायला सांगत होते, सही करा म्हणून. त्याने पेन बाजूला ठेवला. खिशातून तंबाखूची डबी काढली, नव्या हातात पक्की धरली आणि दुसऱ्या हाताने झाकण उघडलं. डॉक्टरीणबाई ओरडल्या, पण हसत होत्या. तो म्हणाला, इतकी वर्षं डबी दातात धरून उघडतोय मॅडम.

वैतागलेला_ठाणेकर

हे वाचून बाकाला माफ केलं. अर्ध्या बाकाला.

अनघा_डोंबिवली

भाऊ, अशा कॅम्पची चौकशी कुठे करायची? माझ्या मावसभावाचा डावा हात गेलाय, मनगटाच्या वरून. कोपर ठीक आहे.

भाऊ_वाशी

कोपर शाबूत आहे तर आशा आहे. पण खाली हात किती उरलाय ते कॅम्पवालेच बघून सांगतात. डोंबिवलीत रोटरीचे क्लब आहेत, कुठल्याही क्लबाला "एलएन-४" एवढंच सांगा, पुढचा कॅम्प कधी ते डिस्ट्रिक्टला विचारून कळवतील. पैसे मागितले तर समजा चुकीच्या माणसाकडे आलात.

शहापूरकर_सध्या_कळव्यात

अनघाताई, मला मेसेज करा, आमच्या जुन्या सेक्रेटरींचा नंबर देतो. उरलेल्या हाताचा कोपरापासून पट्टी लावून एक फोटो काढून ठेवा, तोच पहिल्यांदा मागतात.

अनघा_डोंबिवली

केला मेसेज. आभारी आहे दादा.

कोपरीचा_बंड्या

पट्टी लावलेला फोटो सहा जणांनी धरू नका म्हणजे झालं