टीमची रोजनिशी कुणी तीन आठवड्यांपुढे टिकवली आहे का?

गुंतलेला_लीड
आमची सॉफ्टवेअरची टीम, बारा जण. गेल्या आठवड्यात तिघांनी कॉलवर ठरवलं की आयात फाइलमधली तारीख यापुढे वर्ष-महिना-दिवस अशी येईल. कोडही बदलला. टेस्टिंगच्या मुलीला मात्र कुणी सांगितलंच नाही. तिने दोन दिवस जुन्या फाइलींवर बग नोंदवले. मेल गेला होता म्हणे, एकवीस उत्तरांच्या साखळीत, पार तळाशी.

आता टीमपुरता ब्लॉगच काढावा म्हणतोय. तारीखवार नोंदी, नवी वर, सगळ्यांना खुल्या. पण मागच्या प्रोजेक्टात हाच उद्योग तीन आठवड्यांत गार पडला. मीच लिहायचो, मीच वाचायचो. कुणाचा टिकलाय?

जुनी_खोड
टिकलाय, पण दुसऱ्या खेपेला. पहिल्या वेळी मीही 'साप्ताहिक आढावा' लिहायचो. तो मथळा बघून कोण उघडणार? आता मथळ्यातच निर्णय: 'तारीख यापुढे वर्ष-महिना-दिवस, जुन्या टेस्ट फाइली बाद'. एवढं वाचलं तरी काम भागतं. आत पाचसहा ओळी: अडचण काय होती, काय ठरलं, दुसरा पर्याय का सोडला, कुणाला काय बदलावं लागेल.

सॉफ्टवेअर क्षेत्रातले मायकल नायगार्ड यांनी २०११ साली आर्किटेक्चरच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या रचनेच्या, निर्णयांसाठी अशाच छोट्या नोंदी सुचवल्या होत्या. त्यातलं मला सगळ्यात पटलेलं म्हणजे, निर्णय फिरला तरी जुनी नोंद पुसायची नाही. तिच्यावर शेरा मारायचा आणि नव्या नोंदीचा दुवा द्यायचा. सहा महिन्यांनी नवा माणूस येऊन "हे असं का केलंय?" विचारतो, तेव्हा तीच जुनी नोंद कामी येते.

लिहायचं कुणी? ज्याने ठरवलं त्याने. लीडने, म्हणजे टीमच्या प्रमुखाने नव्हे! चॅटवर कुणी काही विचारलं की मी नुसता दुवा टाकायचो. पहिला महिनाभर सगळ्यांना शिष्ट वाटलो, असो.

टेस्टिंगवाली
त्या मुलीच्या जागी मीही बसलेय, म्हणून सांगते. नोंद टाकली म्हणजे कळवलं, असं समजू नका. ज्याचं काम बदलतंय त्याला टॅग करा. सर्व्हर पडला असेल तर सरळ फोन.

आणि साहेब वाचतात म्हटलं की वाईट बातमी लिहायला कुणी धजत नाही, सगळं 'सुरळीत' असतं. आमच्या लीडने स्वतःच 'माझा अंदाज चुकला, नऊ दिवस जास्त लागतील' असं लिहिलं, तेव्हा कुठे बाकीच्यांनी तोंड उघडलं.

हिशेबी
सहा माणसांत दोघादोघांच्या जोड्या १५, बारांत ६६. माणसं वाढली की आपसांत बोलायचं काम त्याहून कितीतरी वेगाने वाढतं, हे सॉफ्टवेअर प्रकल्पांवर लिहिणारे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालीच मांडलंय. कॉल वाढवून हे सुटणारं नाही.

गुंतलेला_लीड
ज्याने कोड बदलला त्यालाच आज पहिली नोंद लिहायला सांगितली. त्याने मथळा दिलाय: 'तारखेबद्दल थोडंसं'. परत पाठवलाय.