पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीचा क्लच सुटत नाही: गिअर बॉक्स उतरवण्याआधी काय तपासावे?

प्रश्न

आमची लहान पेट्रोल हॅचबॅक जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत रत्नागिरीच्या घरी पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. आता इंजिन बंद असताना सगळे गिअर व्यवस्थित पडतात, मात्र इंजिन सुरू केल्यावर क्लच पूर्ण दाबूनही पहिला गिअर पडत नाही आणि रिव्हर्स टाकताना दात घासल्याचा कर्कश आवाज येतो. पेडल पायाला नेहमीसारखेच लागते. क्लच केबलचा आहे. गॅरेजमध्ये फोनवरच ‘गिअर बॉक्स उतरवून क्लचचा पूर्ण सेट बदलावा लागेल’ असे सांगण्यात आले. खर्चाला माझी ना नाही, परंतु दोष नेमका कोठे आहे हे आधी समजून घ्यावेसे वाटते. घरी जॅक, स्टँड आणि पाने आहेत.

प्रतिसाद १

क्लचचे दोष दोन प्रकारचे असतात आणि ते परस्परांच्या उलट असतात. क्लच घसरत असेल, तर इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी ओढत नाही, आणि हे प्रथम चढावर जाणवते. क्लच सुटत नसेल, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअर बॉक्सपासून वेगळे होत नसेल, तर गिअर पडत नाहीत. आपले वर्णन स्पष्टपणे दुसऱ्या प्रकारचे आहे; त्यामुळे क्लच प्लेट (इंजिनाची शक्ती गिअर बॉक्सकडे नेणारी चकती) झिजली असे एवढ्यावरून म्हणता येत नाही, कारण झिजलेली प्लेट बहुधा घसरते.

प्रथम सपाट जागेवर इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाका, पेडल तळापर्यंत दाबून धरा आणि दुसऱ्या कोणाला गाडी ढकलायला सांगा. गाडी सहज पुढे गेली, तर क्लच सुटतो आहे आणि दोष गिअर बॉक्समध्ये किंवा गिअरच्या जोडणीत शोधावा लागेल. ती अडून राहिली, तर बॉनेट उघडून केबलचे टोक गिअर बॉक्सवरील ज्या लिव्हरला जोडलेले असते, तो लिव्हर पहा. सोबतीला पेडल दाबायला सांगा (इंजिन बंदच हवे). लिव्हर थोडासाच हलत असेल, तर केबल ताणून लांबली आहे, तिचे धागे तुटू लागले आहेत, किंवा पेडलाचा मोकळा प्ले (क्लचवर दाब येण्याआधीची पेडलाची रिकामी हालचाल) प्रमाणाबाहेर वाढला आहे. अनेक लहान गाड्यांत हा प्ले साधारण 15 ते 25 मिलिमीटर असतो, तथापि आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. केबलच्या टोकाच्या नटने तो जुळवता येतो, मात्र तो शून्यावर आणू नये. तसे केल्यास रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) सतत दाबाखाली राहते आणि कालांतराने चांगला क्लचही घसरू लागतो. लिव्हर पूर्ण हलूनही गाडी अडत असेल, तर दोष आत आहे.

प्रतिसाद २

चार महिने दमट हवेत उभी राहिलेली गाडी असल्यामुळे मला प्लेट चिकटल्याची शंका सर्वाधिक वाटते. फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारे जड चाक) आणि प्रेशर प्लेट (क्लच प्लेट त्यावर दाबून धरणारा भाग) यांच्या लोखंडी पृष्ठभागांवर गंज धरतो आणि मधली क्लच प्लेट त्यांना धरून बसते.

लिव्हर पूर्ण हलत असल्याची खात्री झाली, तरच पुढील उपाय करावा. इंजिन न्यूट्रलमध्ये चांगले गरम करून बंद करा, गाडी ढकलून मोकळ्या मैदानात आणा, दुसरा गिअर टाकून क्लच पूर्ण दाबा आणि स्टार्टर फिरवा. प्लेट चिकटलेली असल्यास गाडी लगेच पुढे सरकत सुरू होईल, म्हणून समोर माणूस, भिंत किंवा उतार असता कामा नये. पेडल दाबलेलेच ठेवून ॲक्सिलरेटर थोडा द्या आणि एकदम सोडा. या झटक्यांनी पकड बहुतेक वेळा सुटते. थांबायचे झाल्यास ब्रेक दाबा आणि किल्ली एकच टप्पा मागे घ्या. ती बाहेर काढू नका, अन्यथा स्टिअरिंग लॉक होईल. चाके जॅकवर उचलून हा प्रयोग कृपया कोणीही करू नये.

प्रतिसाद ३

हायड्रॉलिक क्लच (केबलऐवजी फ्लुइडच्या दाबावर चालणारा) असणाऱ्या वाचकांसाठी एवढेच: पेडल भराभर दाबल्यावर गिअर पडू लागत असेल, तर नळीत हवा शिरली आहे किंवा क्लचचा सिलिंडर गळतो आहे. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांचे फ्लुइड एकाच टाकीत असते, त्यामुळे पातळी उतरलेली दिसल्यास गाडी चालवू नये.

प्रश्नकर्ता

लिव्हर पूर्ण हलत होता आणि ढकलल्यावर गाडी अडत होती. मैदानात झटके दिल्यावर क्लच सुटला. आता सर्व गिअर पडतात, परंतु गाडी जागेवरून निघताना किंचित थरथरते. सेट तरीही बदलावा काय?

प्रतिसाद १

थरथर प्लेटवरील गंजामुळे असू शकते आणि काही दिवस सौम्यपणे चालवल्यावर ती कमी होते. त्यानंतर एक चाचणी करा: समोरची जागा मोकळी ठेवून हँडब्रेक ओढा, फूटब्रेकही दाबा, चौथा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडले, तर प्लेटची पकड शाबूत आहे. ते चालूच राहिले, तर सेट बदलावा. ही चाचणी पुन्हा पुन्हा करू नका, प्लेट तापते.

बदलण्याची वेळ आली, तर ते काम घरी एकट्याने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ड्राइव्ह शाफ्ट (गिअर बॉक्सपासून चाकांपर्यंतचे दांडे) काढावे लागतात, इंजिनाला स्वतंत्र आधार द्यावा लागतो आणि गिअर बॉक्स अंगावर येण्याचा धोका असतो. गॅरेजमध्ये मात्र उभे राहून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग ही तिन्ही एकत्र बदलून घ्या, आणि गिअर बॉक्स खाली असतानाच क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागील ऑइल सीलमधून तेल झिरपत नाही ना, हे तपासायला सांगा. नव्या प्लेटवर तेल उतरले, तर ती पुन्हा घसरू लागते.