कॅनडा पीआर (कायम वास्तव्य): सल्लागार अधिकृत आहे का, हे कसं तपासायचं?

केतकी
एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे कुशल कामगारांसाठीच्या पीआरच्या ऑनलाइन पद्धतीत, आयटीए (अर्ज करण्याचं निमंत्रण) आलं आहे. सल्लागार म्हणतो, 'प्रतिनिधी आहे का' या प्रश्नाला 'नाही' लिहा, अर्ज तुमच्याच अकाउंटमधून टाकू. फी मात्र पूर्ण घेणार. अमेरिकेचा व्हिजा एकदा नाकारला गेला होता, तोही दाखवायची गरज नाही म्हणतो. हे बरोबर आहे का?

दस्तऐवज
दोन्ही चूक, आणि दुसरं फार महागात पडणारं.

कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ९१ प्रमाणे पैसे घेऊन सल्ला देण्याचा किंवा अर्ज तयार करण्याचा अधिकार मोजक्याच लोकांना आहे: तिथल्या प्रांतिक लॉ सोसायटीचे वकील व पॅरालीगल, क्वेबेकचे नोटरी आणि कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचे परवानाधारक, म्हणजे आरसीआयसी. भारतातला रिक्रूटिंग एजंटचा परवाना इथे चालत नाही.

कॉलेजच्या वेबसाइटवर सार्वजनिक नोंदवही आहे. 'आर' अक्षराने सुरू होणारा परवाना क्रमांक मागून घ्या, तिथे शोधा आणि परवाना चालू आहे की निलंबित, ते पाहा. मग नोंदवहीत दिलेल्या ईमेलवरच लिहून विचारा, हा माणूस तुमच्याकडे काम करतो का. दुसऱ्याचा क्रमांक स्वतःच्या कार्डावर छापणारे भेटतात, म्हणून ही शेवटची पायरी सोडू नका.

अधिकृत माणूस आयएमएम ५४७६ या प्रतिनिधी नेमण्याच्या फॉर्मवर सही करतो आणि लेखी करार देतो. जो पैसे घेतो पण नाव लावत नाही, तो अडचणीच्या वेळी कागदावर कुठेच नसतो.

उत्तरा
व्हिजा नकाराबद्दल. फॉर्ममध्ये कॅनडाच नव्हे, कोणत्याही देशाने व्हिजा नाकारला आहे का, असा थेट प्रश्न असतो. कॅनडा आणि अमेरिका ही माहिती एकमेकांना देतात. लपवलेलं सापडलं तर कलम ४० खाली चुकीची माहिती दिल्याचा ठपका बसतो आणि ५ वर्षांची बंदी येते. फॉर्म एजंटने भरला होता ही सबब सहसा चालत नाही, कारण अर्जातल्या माहितीची जबाबदारी तुमची. केवळ आधी नकार मिळाला होता म्हणून पीआर मात्र अडत नाही. तारीख, व्हिजाचा प्रकार आणि दिलेलं कारण चार ओळींत लिहा, नकाराचं पत्र असेल तर जोडा.

दस्तऐवज
चांगला सल्लागार ओळखायची आणखी एक खूण: तो अनुभवपत्रावर अडून बसतो. आपल्याकडच्या कंपन्या हुद्दा आणि तारखा एवढंच लिहून देतात. तिथे लेटरहेडवर मुख्य कामं, आठवड्याचे तास, पगार व भत्ते, कालावधी आणि वरिष्ठाची सही हे सगळं लागतं. बऱ्याच फाइली या एका कागदावर अडकतात. एचआर देत नसेल तर थेट वरिष्ठाचं पत्र घ्या, सोबत नेमणूकपत्र आणि पगाराच्या स्लिपा, आणि असं का केलं त्याचा खुलासा. एनओसीमधली (कॅनडाच्या अधिकृत व्यवसाय-वर्गीकरणातली) कामाची यादी जशीच्या तशी उतरवली की अधिकाऱ्याला संशय येतो.

आयटीएनंतर अर्जाला मिळणारे ६० दिवस कमी वाटतात ते पोलीस प्रमाणपत्रांमुळे. गेल्या १० वर्षांत जिथे सलग ६ महिने किंवा जास्त राहिलात, त्या प्रत्येक देशाचं लागतं. ती आजच मागवा.

केतकी
अकाउंटला ईमेलही त्याचाच दिला आहे.

उत्तरा
आधी तो बदला, पासवर्डही. जादा कागदांची मागणी किंवा आक्षेपाचं पत्र आलं तर उत्तराची मुदत तुम्हाला कळायच्या आत संपू शकते. दुसरा सल्लागार घेतलात तरी सबमिट करण्याआधी पूर्ण अर्जाची पीडीएफ मागा आणि प्रत्येक पान स्वतः वाचा. गेल्या १० वर्षांच्या इतिहासात एका महिन्याचीही फट नको. बेकार होता तर 'बेकार' असंच लिहायचं. सल्लागार मध्येच सोडायचा झाला तर त्याच ५४७६ मध्ये नेमणूक रद्द करायचा भाग आहे.