शब्दचर्चा : 'प्रजननविषयक सक्षमीकरण' तोंडी कसं विचारायचं?

रानजाई : आरोग्य-सर्वेक्षणाची प्रश्नावली मराठीत करतेय. मूल कधी, किती, गर्भनिरोधक वापरायचं की नाही, हे बाईला ठरवता येतं का, ते मोजायचंय. 'प्रजननविषयक सक्षमीकरण' अहवालात खपेल. दारात उभं राहून काय म्हणू? 'सबलीकरण'?

उंबरठा : 'सबलीकरण' नको, त्यात ती आधीच अबला ठरते. 'सक्षमीकरण'ही बाहेरच्या कुणी करायची गोष्ट वाटते. अहवालात 'निर्णयाधिकार' लिहा.

तापीकाठ : आमच्याकडे सरळ विचारतात, "यात तुमचं चालतं का?" मग "माझं काय चालतंय!" किंवा "सासूबाईंचं चालतं" अशी खरी उत्तरं येतात. आणि 'कुटुंबनियोजन' जपून वापरा. "कुटुंबनियोजन केलंय का?" म्हणजे खेड्यात "ऑपरेशन झालंय का?" तांबी बसवलेली बाई सरळ 'नाही' म्हणेल.

उंबरठा : अर्थ उगाच आक्रसला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची स्वतःची नसबंदी झालेली, नवऱ्याची झालेल्या फक्त ०.३ टक्के! र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत गर्भनिरोधनाचं केंद्र काढलं, तेव्हा शब्द 'संततिनियमन' होता. तो मला आजही जास्त नेमका वाटतो, पण बोलण्यातून गेला.

रानजाई : 'चालतं का' घेते. पण त्या सर्वेक्षणातले पर्याय 'मुख्यतः तुमचा निर्णय, मुख्यतः नवऱ्याचा, की दोघांनी मिळून' असे आहेत. ते तसेच ठेवू?

शाईपेन : ठेवा, पण 'दोघांनी मिळून'मध्ये नुसतं हो ला हो म्हणणारीही बसते. म्हणून जोडप्रश्न हवेत : विषय कुणी काढला? तुम्ही नको म्हटलं असतं तर ऐकलं असतं का? संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांतल्या ५.६.१ या निर्देशकात शरीरसंबंधाला नकार, गर्भनिरोधक आणि स्वतःची आरोग्यसेवा, असे तीन प्रश्न आहेत. तिन्हींत तिचं चालत असेल तरच ती मोजली जाते. २०१४ ची प्रजनन-स्वायत्ततेची मापनश्रेणी तर जबरदस्ती आणि जोडीदाराशी बोलणं हे निर्णयापासून वेगळं मोजते. नुसती साधनं वापरणाऱ्यांची टक्केवारी पाहिली तर यातलं काही दिसत नाही. पाळणा थांबला, पण कुणाच्या सांगण्यावरून?

रानजाई : 'जबरदस्ती' शब्दाला बायका दचकतात. 'मनाविरुद्ध' कसं वाटतं?

तापीकाठ : उत्तम. फक्त सासू शेजारी बसलेली असताना विचारू नका.