केबिन फिल्टर बदलणे खरोखर गरजेचे आहे, की ती बिलातील एक जादा ओळ आहे?

वर्धाकाठ (चंद्रपूर):

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे सहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे आणि तिचे ५८,००० किलोमीटर पूर्ण झाले आहेत. नोकरीनिमित्त मी रोज चंद्रपूरहून पडोलीमार्गे घुग्घुसला ये-जा करतो. कोळशाच्या ट्रकांमागून जाताना सर्व काचा बंद ठेवल्या तरी संध्याकाळी डॅशबोर्डवर बोट फिरवले की ते काळे होते, हे या रस्त्याने जाणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

गेल्या आठवड्यात गाडी सर्व्हिसिंगला दिली, तेव्हा खर्चाच्या अंदाजात केबिन फिल्टरचे ९५० रुपये लावलेले दिसले. मागच्या सर्व्हिसिंगला, म्हणजे अवघ्या ७,००० किलोमीटरपूर्वी, तो बदलल्याची नोंद जुन्या बिलात आहे. जुना फिल्टर दाखवा असे म्हटल्यावर त्यांनी विषय टाळला आणि नवीन टाकल्यास गाडीचे ॲव्हरेजही सुधारेल, असे सांगितले. माझा विश्वास बसला नाही, म्हणून मी ते काम करू नका असे कळवले.

पण घरी आल्यापासून मन स्वस्थ नाही. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला धुळीचा त्रास होतो, तिला बालदमा आहे आणि ती याच गाडीतून फिरते. बिल वाढवण्याच्या प्रकाराविरुद्ध आग्रह धरताना तिच्या श्वासाशी तडजोड तर होत नाही ना, ही खरी चिंता आहे. या फिल्टरचा प्रत्यक्ष उपयोग किती होतो, तो धुऊन पुन्हा वापरता येतो का आणि कार्बनचा महाग फिल्टर घेण्यात अर्थ आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दहाचा पाना (मिरज):

दादा, मी बावीस वर्षे गाड्यांची कामे करतो आहे. सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करतो. केबिन फिल्टरचा इंजिनाशी काहीही संबंध नसतो. इंजिनाला लागणारी हवा गाळणारा एअर फिल्टर बॉनेटखाली वेगळा असतो. केबिन फिल्टर, ज्याला आमच्याकडे सरसकट एसी फिल्टर म्हणतात, तो फक्त तुमच्यासाठी असतो. त्यामुळे ॲव्हरेज वाढेल हे सांगणे चुकीचेच होते. मात्र, त्यावरून फिल्टरच निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढू नका.

बाहेरची हवा पुढच्या काचेच्या तळाशी, वायपरखाली असलेल्या जाळीतून आत येते आणि फिल्टर, ब्लोअर व थंड कॉइल असा प्रवास करून तुमच्या तोंडावर येते. फिल्टर चोंदला की पंख्याचा आवाज वाढतो, पण वारा वाढत नाही. पूर्वी दोनवर भागत असे तिथे चारवर ठेवावे लागते आणि गिऱ्हाईक ‘गॅस संपला असेल, भरून द्या’ म्हणून गाडी घेऊन येते. मी प्रत्येक वेळी आधी फिल्टर काढून पाहतो, आणि कित्येकदा काम तेवढ्यावरच संपते. वारा कमी पडल्यास कॉइलवर बर्फ धरू शकतो. आणि पंख्याचा वेग ठरवणारा रेझिस्टर वाऱ्याच्या मार्गातच बसवलेला असल्यामुळे, पुरेसा वारा न मिळाल्यास तोही तापून जळू शकतो.

बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत १५,००० ते ३०,००० किलोमीटर किंवा एक-दोन वर्षे अशी मुदत दिलेली असते आणि धुळीच्या भागात ती कमी करावी असेही लिहिलेले असते. तुमच्या रस्त्यावर ७,००० किलोमीटरमध्ये तो भरू शकतो. तो बदललाच नव्हता असेही असू शकते. दोन्हींपैकी काय झाले आहे, हे फिल्टर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळणार नाही, आणि ते पाहणे अजिबात अवघड नाही. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये डाव्या बाजूचा ग्लव्ह बॉक्स रिकामा करून त्याच्या दोन्ही कडा आत दाबल्या की तो पूर्ण खाली येतो; एका बाजूला दोरी किंवा छोटा दांडा असल्यास तो आधी सोडवावा. मागे एक चपटे, लांबट झाकण दिसते. त्याच्या खटक्या दाबल्या की फिल्टर ड्रॉवरसारखा सरळ बाहेर येतो. दहा मिनिटांचे काम आहे. काढताना फिल्टरवरचा बाण कोणत्या दिशेला आहे हे पाहून ठेवा, मात्र त्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. आधीच्या माणसाने तो उलटा घातलेला असू शकतो, म्हणून झाकणावरची खूण किंवा पुस्तिकेतील चित्र पाहूनच नवीन बसवा.

धुण्याबद्दल स्पष्ट सांगतो: धुऊ नका आणि कॉम्प्रेसरच्या हवेनेही झोडपू नका. हलक्या हाताने आपटून पाने आणि जाड धूळ काढायला हरकत नाही, पण त्याहून अधिक केल्यास त्याचा विणलेला थर सैल होतो आणि तो वरून स्वच्छ दिसत असला तरी आतून निकामी झालेला असतो. आणखी एक गोष्ट पाहा. घरापाशी उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर याच जागी घरटे करतात. फिल्टरला भोक पडलेले दिसले किंवा लेंड्या सापडल्या, तर तो त्याच दिवशी बदलायचा.

रसायनशिक्षिका (नागपूर):

वरील उत्तर योग्य आहे. धुण्याच्या मुद्द्याला त्यात न आलेले एक कारण जोडते. अनेक केबिन फिल्टरच्या कृत्रिम तंतूंवर कारखान्यातच स्थिर विद्युतभार दिलेला असतो. तंतूंमधील मोकळ्या जागेपेक्षा कितीतरी लहान असलेले कण या भारामुळे खेचले जाऊन चिकटतात. पाण्याने आणि साबणाने धुतल्यास तो भार नाहीसा होतो, आणि न धुताही धुळीचा लेप चढत गेल्यावर तो झाकला जातो. म्हणूनच ‘फिल्टर जितका मळका तितके चांगले गाळतो’ हे इंजिनाच्या फिल्टरबद्दल पुष्कळ अंशी खरे असलेले विधान येथे जसेच्या तसे लागू करता येत नाही.

मुलीच्या दृष्टीने कणांचा आकार महत्त्वाचा आहे. परागकण साधारण १० मायक्रॉनहून मोठे असतात आणि साधा फिल्टरही ते अडवतो. डोळ्यांना दिसणारी कोळशाची भुकटी बरीच जाड असल्यामुळे तीही अडते. फुप्फुसांत खोलवर जाणारे कण मात्र २.५ मायक्रॉनहून लहान असतात आणि डिझेलच्या धुरातील काजळी तर त्याहूनही कितीतरी बारीक असते. भारतीय मानकानुसार अशा बारीक कणांची २४ तासांची मर्यादा दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ वर आणली. त्यामुळे धुरकट रस्त्यावर रोज प्रवास करणाऱ्याने बारीक कणांसाठी बनवलेला फिल्टर घेणे मला उचित वाटते. तो घेतल्यास पंख्याचा वारा किंचित कमी जाणवू शकतो.

कार्बनच्या थराचे काम वेगळे आहे. तो दुर्गंध, नायट्रोजन डायऑक्साइड आणि ओझोन यांसारखे वायू काही प्रमाणात धरून ठेवतो, पण त्याची क्षमता संपते आणि ती संपल्याचे डोळ्यांना दिसत नाही. शिवाय तो कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. कार्बन फिल्टर आहे म्हणून बंद जागेत इंजिन चालू ठेवून एसी लावून बसणे जिवावर बेतू शकते, हे मी वर्गात दरवर्षी आवर्जून सांगते.

आत फिरणाऱ्या हवेचे बटण हाही प्रभावी उपाय आहे. ग्लव्ह बॉक्समागे फिल्टर असलेल्या बहुतेक गाड्यांत आतली हवाही त्यातूनच पुन्हा पुन्हा जाते आणि प्रत्येक फेरीत अधिक स्वच्छ होते. ट्रकांच्या रांगेमागे असताना ते बटण दाबावे, पण तसेच तासभर ठेवू नये. आपल्या उच्छ्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. चार माणसे बंद गाडीत बसली की त्याचे प्रमाण भराभर वाढते, डोके जड होते आणि चालकाला पेंग येऊ लागते. मोकळा रस्ता लागला की बाहेरची हवा आत घ्यावी.

सड्यावरून (रत्नागिरी):

आमच्याकडे धूळ कमी असली तरी दमटपणा फार. जून ते सप्टेंबर ओला राहिलेला फिल्टर बुरशी धरतो, म्हणून मी किलोमीटर न मोजता दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास तो बदलतो. त्याच वेळी वायपरखालच्या जाळीतील कुजलेली पाने हाताने काढतो, कारण तिथला निचरा तुंबला की पावसाचे पाणी थेट फिल्टरवर उतरते.

मात्र, फिल्टर बदलूनही आंबूस वास राहिला तर तो कॉइलवरून येत असतो, हे लक्षात घ्यावे. घरी पोहोचण्याच्या तीन-चार मिनिटे आधी एसीचे बटण बंद करून पंखा चालू ठेवला की कॉइल वाळते. ही सवय लावल्यापासून आमच्या गाडीतला वास गेला.

वर्धाकाठ (चंद्रपूर):

सर्वांचे मनापासून आभार. काल सुट्टी होती, म्हणून मुलीला लांब बसवून, तोंडाला मास्क लावून स्वतः फिल्टर काढला. तो एका बाजूने पूर्ण काळा होता, घड्यांमध्ये कडुनिंबाची वाळलेली पाने अडकली होती आणि बाण झाकणावरच्या खुणेच्या उलट दिशेला होता. ७,००० किलोमीटरमध्ये तो इतका काळा झाला, की मागच्या वेळी बदललाच नव्हता, हे मला आता सिद्ध करता येणार नाही. दुकानातून बारीक कणांसाठीचा फिल्टर ६२० रुपयांना आणून बसवला आणि त्याच्या कडेवर तारीख व ५८,४१२ हा आकडा पेनाने लिहून ठेवला. ५,००० किलोमीटर झाल्यावर पुन्हा उघडून पाहीन. पंखा आता दोनवर पुरतो.

एक अडचण राहिली आहे. झाकणाची एक खटकी आधीच तुटलेली असून त्या बाजूला पातळ फट दिसते. त्यावर चिकटपट्टी लावली तर चालेल का?

दहाचा पाना (मिरज):

दादा, पट्टी तात्पुरती लावा, पण उन्हाने डॅशबोर्ड तापला की ती सुटणार. हवा सोपी वाट शोधते. फट राहिली की धूळ फिल्टरला वळसा घालून सरळ पंख्यावर जाते आणि तुमचे ६२० रुपये वाया जातात. सुट्या भागांच्या दुकानात गाडीचे मॉडेल आणि वर्ष सांगून नुसते झाकण मागा, ते वेगळे मिळते. बसवल्यावर पंखा पूर्ण वेगाने लावून त्या कडेवर तळहात धरून पाहा, वारा लागता कामा नये.